ॲन्सेल्मकाकांच्या बेसमधली हवा

गास, रविवार, १४ डिसेंबर २०२५

मस्कतस्थ वातानुकूलनाचार्य मित्रवर्य कॉन्रॅड यास,

गासहून हिरामणचे आशीर्वाद (मी तुझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा आहे आणि हा अधिकार वापरायची संधी मी सोडत नाही). इकडे सर्व क्षेमकुशल. तुझा उजवा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का, डायनावहिनी तुला साखरेचा चहा चोरून पिऊ देतात की अजून पकडतात, आणि तिकडे खरोखर हिवाळा येतो की तोही तुम्हीच नळीतून सोडता, हे सविस्तर कळवणे. हे पत्र मी नेहमीप्रमाणे शाईच्या पेनाने लिहीत आहे आणि चंद्रकांता नेहमीप्रमाणे त्याच्या पानांचे फोटो काढून तुला पाठवील. तिचे म्हणणे असे की एवढे लिहिण्यापेक्षा माणूस फोन करतो. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस, हा मुद्दा तिला पटत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुझे चित्त विचलित होणार नाही. काकांचा बेस सुखरूप आहे. तू विचारले नव्हतेस हे मला मान्य आहे. पण तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे, कुंड्यांना पाणी घालण्याचे काम माझ्याकडे, आणि तुमच्या हॉलमध्ये तुझ्या बाबांच्या, म्हणजे आपल्या ॲन्सेल्मकाकांच्या फोटोखाली टांगलेला तो अजगरासारखा वेटोळ्यांचा पितळी बाजाही पर्यायाने माझ्याच नजरेखाली. तेव्हा कळवणे माझे कर्तव्य. काका गेले त्याला अकरा वर्षे झाली आणि अकरा वर्षे बेस मुका आहे. येत्या २८ तारखेला तुझ्या जोआनाच्या लग्नात तुझा भाचा मेलरॉय तो पुन्हा वाजवणार, हे तुझी बहीण आग्नेसबाय हिने साऱ्या गावाला सांगून ठेवले आहे. सांगताना तिचा सूर असा असतो की नवरा एक वेळ बदलला तरी चालेल. तू २० तारखेला उतरणार, मेलरॉय २१ला बेस न्यायला येणार, हे सर्व माझ्या लक्षात आहे. बेस सुखरूप आहे.

आता मूळ प्रकरण. दोन आठवड्यांपूर्वी आपल्या शाळेतले विज्ञानाचे क्लेमेंट सर मतदारयादीच्या कामावर गेले. ते आता गठ्ठा घेऊन नालासोपाऱ्यात जिने चढतात आणि शाळेत फक्त पाणी प्यायला येतात. मागे उरले तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन, जे यंदा आपल्याच शाळेच्या सभागृहात भरायचे होते, आणि त्यात आपल्याच शाळेचा प्रयोग नव्हता. मुख्याध्यापिका उर्सुला टीचर यांनी मला बोलावले. विषय ठरला होता, 'हवेचा प्रवाह आणि दाब'. मी नम्रपणे म्हणालो की मी एकतीस वर्षे संस्कृत शिकवतो. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही ते मरुत वगैरे शिकवता ना? हवाच ती." मी म्हणालो, मरुत एकोणपन्नास आहेत. त्या म्हणाल्या, "मग एकोणपन्नास मुलं घ्या." पुढे त्यांनी फाईल उघडली, म्हणजे भेट संपली.

(इथे तू हसला असशील. हसू नकोस. तुझा आणि संस्कृतचा संबंध नववीच्या सहामाहीत संपला, आणि कसा संपला हे मी विसरलेलो नाही. मी वर्गाचा मॉनिटर, सही झालेली प्रगतिपुस्तके गोळा करण्याचे काम माझे. चाळीस पुस्तके आली, एकेचाळिसावे तुझे आले नाही, आणि तू भर वर्गात शांतपणे म्हणालास, "मी हिरामणकडे दिलं होतं." दुसऱ्याचे प्रगतिपुस्तक हरवल्याबद्दल मला सहा छड्या आणि आठवडाभर बाकावर उभे राहणे. गेली चाळीस वर्षे मी तुला दर नाताळला विचारतो आणि तू दर नाताळला म्हणतोस, "दिलं होतं." असो. शाळेचा विषय निघाला म्हणून आठवले.)

एकोणपन्नास मुले मी घेतली नाहीत, एकच मुलगी घेतली. स्टेफी, नववी ब. घरची फुलबाग आहे, पहाटे मोगरा खुडून शाळेत येते, आणि गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलत नाही. तिला संस्कृतात अठ्ठ्याण्णव मिळतात आणि ती ते कुणाला सांगत नाही (तुझे दोन्ही बाबतींत उलटे होते). मी तिला विचारले, बाई गं, हवेचा प्रवाह आणि दाब यांचे नाते काय? तिने माझ्या वहीतला कोरा कागद मागितला, त्याची बोटभर रुंद पट्टी फाडली, हनुवटीखाली धरली आणि पट्टीच्या वरून फुंकर मारली. लोंबणारी पट्टी वर उठली. मी म्हणालो, फुंकर वरून आणि कागद खालून वर, हा अन्याय आहे. ती म्हणाली, "सर, वाहत्या हवेचा दाब कमी होतो. खालची स्थिर हवा जास्त दाबते, म्हणून वर येतो." मग तिने नायगावच्या तिच्या मावशीचे उदाहरण दिले. मावशी अठराव्या मजल्यावर राहते, समोर दुसरा तसाच टॉवर, आणि दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून वारा असा पळतो की मावशीचे गॅलरीचे दार आपोआप बाहेर ओढले जाते. मावशीला वाटते की जागेत दोष आहे. तिने दोन वेळा घर आशीर्वादून घेतले. तुला हे सर्व ठाऊक असणार, तुझा जन्म हवेला वाट दाखवण्यात गेला. मला मात्र चौपन्नाव्या वर्षी कळले आणि कळल्यावर मला गप्प बसवेना.

घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या दारात दोऱ्याने दोन पेरू शेजारी शेजारी टांगले, मध्ये चार बोटे जागा ठेवली आणि चंद्रकांताला विचारले, मध्ये फुंकर मारली तर हे दूर जातील की जवळ येतील? ती भाकरी थापत होती. "दूर जातील," ती म्हणाली. मी फुंकलो. पेरू डुलत डुलत जवळ आले आणि एकमेकांना टेकले. मी तिला नियम समजावला: जे जास्त वाहते त्याचा दाब कमी. ती भाकरी उलटत म्हणाली, "ते मला लग्नानंतर आठवड्यात कळलं होतं. त्यासाठी पेरू कशाला लागतात?" आणि दोन्ही पेरू सोडवून तिने मीठतिखट लावून मला दिले. विज्ञानाची उपेक्षा कशी होते हे मला त्या दिवशी कळले. पेरू मात्र गोड होते.

तर स्टेफीने प्रदर्शनासाठी सुचवलेला प्रयोग अत्यंत साधा होता. आपले रॉकेल ओतायचे नरसाळे घ्यायचे, तोंड वर करायचे, त्यात टेबलटेनिसचा चेंडू ठेवायचा आणि खालच्या नळीतून जोरात फुंकायचे. कुणालाही वाटते की चेंडू उडून जाईल. जात नाही. जितके जोराने फुंकावे तितका तो नरसाळ्याला धरून राहतो, कारण चेंडूच्या कडेने हवा जोरात वाहते, तिथला दाब उतरतो, आणि बाहेरची हवा त्याला आत दाबून धरते. मी गाल दुखेपर्यंत फुंकलो, चेंडू हलला नाही. इथेच मी थांबलो असतो तर हे पत्र एका पानात संपले असते. पण तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. आपण संस्कृतवाले एका सूत्रावर समाधान मानत नाही, त्यावर भाष्य लिहितो, आणि भाष्य नेहमी मूळ ग्रंथापेक्षा मोठे असते. मी स्टेफीला म्हणालो, साठ शाळा येणार, त्यातल्या वीस जणांकडे नरसाळे असणार, आपले नरसाळे मोठे पाहिजे. ती म्हणाली, "किती मोठं, सर?" मी म्हणालो, दिव्य. आणि मग माझे मन आपोआप गासमधल्या सर्वांत मोठ्या नरसाळ्याकडे गेले, जे पितळेचे आहे, ज्याचे तोंड परातीएवढे आहे, आणि ज्याच्या घराची किल्ली माझ्या खिशात होती.

मला सांग, यात माझे काय चुकले? वस्तू नुसती टांगून होती. तिला हवा लागणे हिताचेच. मी बेस उतरवला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि तुमच्या मागच्या दाराने निघालो. तुमच्या मागच्या दारासमोर आग्नेसबायचे अंगण आहे हे मी हिशेबात धरले होते. पण ती भर दुपारी तिथे सुकेळी उन्हात मांडत बसली असेल हे धरले नव्हते.

"काय रे हिरामण, काय नेतोस?"

"पाण्याची टाकी," मी म्हणालो.

"टाकीला तोंड एवढं मोठं?"

"भरायला सोपं पडतं."

तिने केळ्यावरची माशी हाकलली. "बरं," ती म्हणाली. आग्नेसबायच्या त्या 'बरं'मध्ये किती जागा असते हे मला नंतर कळले.

शाळेत आम्ही बेस एका बाकाला उभा बांधला, भोंगा छताकडे. प्रथम उर्सुला टीचरांच्या घरचा व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडला, म्हणजे तो ओढण्याऐवजी फुंकेल. यंत्र विमानासारखे ओरडले आणि भोंग्यातून जे बाहेर आले ते सेवानिवृत्त माणसाच्या सुस्काऱ्याइतके होते. स्टेफीने हात धरून पाहिला. "सर, नळी फार लांब आहे. घर्षणात दाब संपतो." तू वाचताना मान डोलवत असशील, तुझ्या धंद्यातले पहिले वाक्य असेल हे. मला ते काव्य वाटले. मी दोन दिवस ते सहकाऱ्यांना निवृत्तिवेतनाच्या संदर्भात ऐकवले.

उपाय म्हणून मी वळणावरच्या पंक्चरवाल्या केयूरकडे गेलो. (तुझ्या वेळी तिथे चिंच होती.) तो म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ. ट्रकचा टायर भरतो मी, तुमचा बाजा काय चीज आहे?" प्रदर्शनाच्या सकाळी, म्हणजे काल, तो चाकांवरचा कॉम्प्रेसर ढकलत सभागृहात घेऊन आला. त्याची नळी बारीक, बेसच्या मुखाचा पेला (वाजवणारा ओठ लावतो तो) मोठा. मधली फट बुजवायला त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा वापरला. एक टोक नळीवर तारेने आवळले, दुसरे चपटे करून पेल्यात खोचले आणि वरून पट्टी गुंडाळली. आता हे नीट डोळ्यासमोर आण: पेल्याच्या आत रबराचे दोन चपटे पदर, एकमेकांवर टेकलेले, मागून हवेचा दाब. बाजा वाजवणाऱ्या कोणत्याही माणसाला हे पाहून काय होणार ते कळले असते. पण आमच्यात एक संस्कृतचा, एक पंक्चरचा आणि एक नववी ब. आमच्या दृष्टीने ते नरसाळे होते. काकांनी त्याचा इतकी वर्षे दुसऱ्या कामासाठी उपयोग केला होता, एवढेच.

अकरा वाजता परीक्षक आल्या. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एक शांत प्राध्यापिका, हातात चहाची कपबशी. स्टेफीने चार वाक्यांत नियम सांगितला आणि मोसंबीएवढा हिरवा प्लास्टिकचा चेंडू भोंग्यात ठेवला. केयूरने चावी फिरवली. पहिला अर्धा क्षण नुसता फुसकारा. मग ते रबराचे पदर ओठांसारखे थरथरले, आणि कॉन्रॅड, काकांचा बेस बोलला.

कोणता सूर, हे तुला सांगायला नको. मिरवणुकीत नवरी दारात आली की बाकीचा बँड थांबायचा आणि ॲन्सेल्मकाका एकटे तो एक खालचा लांब सूर धरायचे. नवरी उंबरा ओलांडून आत जाईपर्यंत सोडायचे नाहीत. (एलिसाच्या लग्नात तिची चप्पल दारातच तुटली आणि काका जांभळे झाले होते, आठवते?) तोच सूर, तसाच. सभागृहाच्या काचा थरथरल्या. शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखी वेळेआधी फुटला. हिरवा चेंडू भोंग्यात डुलत होता, उडत नव्हता, म्हणजे नियम सिद्ध होत होता, पण तिकडे कुणाचे लक्ष नव्हते. खिडकीत रस्त्यावरची माणसे जमली, आणि दोन म्हाताऱ्या थेट दारात येऊन विचारू लागल्या की नाताळाआधीच्या आगमनकाळात, जेव्हा लग्ने लागत नाहीत, तेव्हा हे लग्न कुणाचे, आणि फादरना ठाऊक आहे का. केयूर घाबरला. घाबरून त्याने चावी फिरवली, ती उलट बाजूला. सूर दुप्पट झाला, बेसच्या पोटात काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला, आणि भोंग्यातून चेंडूच्या बाजूने एक गुंडाळी झालेला जुना पिवळा कागद वर उडाला, पंख्याला लागला आणि प्राध्यापिकाबाईंच्या बशीत येऊन पडला. तेव्हा कुठे केयूरला योग्य बाजू सापडली. हवा थांबली. चेंडूही खाली विसावला.

बाईंनी कागद दोन बोटांनी उचलला. "हा प्रयोगाचा भाग आहे का?"

मी तोंड उघडण्याआधी स्टेफी म्हणाली, "हो मॅडम. आत अडकलेली वस्तू दाब वाढला की बाहेर येते."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिले आणि कागद माझ्या हातात दिला. मी तो खिशात टाकला. त्याविषयी नंतर.

एवढ्यात दारातली गर्दी बाजूला झाली आणि आग्नेसबाय आत आली. हात पिठाचे, पायात दोन वेगळ्या चपला. ती बाकाला बांधलेल्या बेसकडे पाहत उभी राहिली. मला वाटले आता माझे एकतीस वर्षांचे अध्यापन इथे संपले. ती म्हणाली, "कोणी वाजवला?"

"हवेने, मावशी," स्टेफी म्हणाली.

"बाबाचाच सूर," आग्नेसबाय म्हणाली. मग, "परत वाजेल का?" मी म्हणालो, टाकीतली हवा संपली. आणि तिने काही विचारायच्या आत हेही सांगून टाकले की बेस तुझ्या परवानगीने आणला आहे. "कॉनीच्या?" ती म्हणाली. "बरं." आणि पिठाचे हात पदराला पुसत निघून गेली. जाताना तिने डोळेही पुसले, त्यामुळे तोंडाला पीठ लागले, पण ते तिला सांगायचे धैर्य सभागृहात कुणाला झाले नाही.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. पहिले बक्षीस कचरा टाकल्यावर 'थँक यू' म्हणणाऱ्या डब्याला गेले. स्टेफीला वाईट वाटले असेल असे समजून मी तिला धीर द्यायला गेलो, तर ती म्हणाली, "सर, त्या डब्यात स्पीकर आहे. आपल्यात काहीच नव्हतं." मी तिला यापुढे धीर देणार नाही.

तर हा हवेचा वृत्तान्त इथे पूर्ण झाला. बेस पुसून, चादरीत गुंडाळून, काकांच्या फोटोखाली जसा होता तसा टांगला आहे. कुंड्यांना पाणी घातले आहे. डायनावहिनींना नमस्कार, जोआनाला आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुझा ज्येष्ठ (अकरा दिवसांनी) मित्र,
हिरामण

ता.क. एक लहानसे काम. बेस शाळेला वापरायला देण्यास तुझी हरकत नाही, असे दोन ओळींचे पत्र मला पाठव. तारीख नोव्हेंबरअखेरची घाल. आग्नेसबायला दाखवायचे आहे. अक्षर तुझेच असावे, म्हणजे कुणी वाचू शकणार नाही आणि तपशिलात जाणार नाही.

ता.क. २. मागे तू फोनवर सांगितले होतेस की तुमच्याकडे एक लांब लवचीक तार असते, तिच्या टोकाला कॅमेरा आणि चिमटा असतो, आणि ती वळणावळणाच्या नळीत घालून आत काय अडकले ते पाहता आणि ओढता येते. ती येताना घेऊन ये. सहजच. खजूर आणला नाहीस तरी चालेल.

ता.क. ३. चंद्रकांता म्हणते, खरे लिहा, नाहीतर मी फोटो काढणार नाही. ठीक आहे. वर मी 'चेंडू खाली विसावला' असे लिहिले आहे. ते सत्य आहे, पण किती खाली हे लिहिलेले नाही. हवा थांबताच तो भोंग्यातून घरंगळत आत गेला, पहिल्या वळणाच्या पलीकडे, आणि तिथे बसला. बेस उलटा केला, हलवला, केयूरने थोपटला. आतून हालचाल ऐकू येते, बाहेर काही येत नाही. कॉम्प्रेसर पुन्हा लावायला मला धीर होत नाही, कारण तो वाजला तर आग्नेसबाय येणार. मेलरॉय २१ला बेस नेणार, आणि २८ला जोआना दारात उभी असताना त्यातून सूर निघाला नाही तर मी कोणत्या गावी राहायला जावे हेही कळव. तुझ्याकडे २० तारखेचा एक दिवस आहे. आग्नेसबायला यातले काहीही कळता कामा नये.

ता.क. ४. सोमवार सकाळ. आग्नेसबाय आत्ता येऊन गेली. सुकेळ्यांचा पुडा चंद्रकांताच्या हातात दिला आणि मला विचारले, "चेंडू निघाला का?"

तिला स्टेफीने परवाच सांगितले होते. विचारले म्हणून सांगितले, ती मुलगी विचारलेले सर्व सांगते. आणि त्या पाण्याच्या टाकीचे म्हणशील तर ज्या बाईने अकरा वर्षे दर शनिवारी माझ्याकडून किल्ली नेऊन तो बेस चिंचेने घासला, ती त्याला चादरीतून ओळखणार नाही असे समजणारा मी एकटाच. मग अडवले का नाहीस, मी विचारले. म्हणाली, "कोणीतरी नेला तर खरा. किती वर्षं टांगून ठेवायचा?" तुझ्या परवानगीचा विषय काढला तर म्हणाली, "त्याची परवानगी कशाला? बाबाने बेस माझ्याकडे दिलाय." तेव्हा ता.क. १ रद्द.

मग मी तो पिवळा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. शनिवारपासून तो माझ्याकडेच आहे, चंद्रकांतालाही दाखवला नव्हता. कॉन्रॅड, ते प्रगतिपुस्तक आहे. इयत्ता नववी ब, प्रथम सहामाही, १९८५. संस्कृत, शंभरपैकी नऊ. तू ते गुंडाळून बापाच्या बेसमध्ये सारलेस, आणि छड्या मी खाल्ल्या. चाळीस वर्षांचा हा खटला मी एका कॉम्प्रेसरवर जिंकलो, आणि त्याबद्दल तुझी यथेच्छ हजेरी घ्यायची असे शनिवारी ठरवूनही टाकले होते. पण मग मी ते पूर्ण उलगडले.

खाली पालकांच्या सहीची रांग आहे. ती तू कोरी ठेवली होतीस. आता ती कोरी नाही. काकांची सही आहे, तारीख २७ डिसेंबर १९८५. नाताळानंतर लग्नाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ते बेस धुवायला काढत, तेव्हा त्यांना सापडले असणार. आणि पालकांच्या अभिप्रायाच्या चौकटीत त्यांच्या त्या जाड अक्षरात एक ओळ आहे: 'मुलगा आपणहून सांगेल तेव्हा बोलू.'

सही करून त्यांनी ते पुन्हा गुंडाळून होते तिथेच ठेवले. धुताना काढत असतील, पुन्हा ठेवत असतील. एकोणतीस वर्षे ते त्यावरून फुंकत राहिले. गासमधल्या अर्ध्या लग्नांचा सूर तुझ्या नऊ गुणांवरून वाहत आला आहे.

आग्नेसबायने ती ओळ दोनदा वाचली. मग तिने हुकूम दिला, तोच आता या पत्राचा खरा मजकूर समज. तुझी तार आणायचीच. त्या तारेने आधी चेंडू काढायचा, आणि मग हा कागद जसा होता तसा, त्याच जागी परत घालायचा. शनिवारी कागद उडून गेला त्या क्षणी सूर उघडा पडला, असे ती म्हणते. तिने तो रस्त्यावर धावताना ऐकला. मला फरक कळला नाही, पण मी काकांची मुलगी नाही. जोआनाला दारात घ्यायला बाबाचा पुरा सूर पाहिजे, असे तिचे म्हणणे.

तेव्हा येत्या शनिवारी विमानतळावरून थेट घरी ये. किल्लीने दार मी उघडून ठेवतो. चहा नंतर, आंघोळ नंतर, तारही नंतर. आधी काकांच्या फोटोसमोर उभा राहा आणि सांगून टाक. नऊ म्हण, शंभरपैकी म्हण. मी शेजारी उभा राहीन, वर्गाचा मॉनिटर म्हणून.